कव्हरवाल्या कुंदाताई

कुंदाताईंना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या ऑफिसात खुर्च्यांना काही तोटा नव्हता. पण त्या आल्या की पिशवी खुर्चीला अडकवायच्या, चहाचा कप उचलायच्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. चहा संपायच्या आत खिडकी ते दार अशा त्यांच्या फेऱ्या सुरू झालेल्या असायच्या. एखादा नवा माणूस भिडेपोटी "बसा ना ताई" म्हणायचा. "मी बसले की माझं चित्रही बसतं," एवढं सांगून त्या पुढच्या फेरीला लागायच्या. समोरचा हसला की नाही, हे बघायलाही थांबायच्या नाहीत.

ऑफिस कसलं, वसई रोडला एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा होता तो. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. वसई, नालासोपारा, विरार, जिथे बघावं तिथे इमारती उठत होत्या. प्रत्येक इमारतीची सोसायटी होत होती आणि प्रत्येक सोसायटीला महिन्याची बिलं काढणारं, हिशोब ठेवणारं कुणीतरी हवं होतं. आमचे साहेब सबनीस यांनी ते काम करणारं एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्याचं नाव 'सहनिवास'. ते वापरायचं कसं, हे साध्या मराठीत सांगणारं मॅन्युअल लिहायला त्यांनी मला घेतलं. लग्न होऊन मी नुकतीच सांगलीहून आले होते. बी.कॉम. झालेलं होतं. नवरा उजाडायच्या आत मुंबईला जायचा तो दिवेलागण उलटल्यावर उगवायचा. मधला सगळा दिवस मी नव्या फ्लॅटच्या चार भिंतींना तोंड देत बसलेली. समोर आलं ते काम मी दोन्ही हातांनी धरलं.

पुस्तक मी लिहायचं आणि कव्हर कुंदाताईंनी करायचं, अशी वाटणी झाली. त्या मूळच्या जवळच्याच उमेळे गावच्या. घरची बागायत होती: केळी, पानवेली, मोगरा. मुंबईत चित्रकला शिकून, काही वर्षं एका जाहिरात कंपनीत काढून त्या गावी परतल्या होत्या. का परतलात, असं विचारलं तर "तिथे लिफ्टची वाट बघत उभं राहायला लागायचं" असं कारण सांगायच्या. चाळिशीला टेकल्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं. सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि चालायच्या अशा, की पुढे कुणीतरी त्यांची वस्तू घेऊन पळतंय.

पहिल्या भेटीत मी त्यांना प्रकरणं समजावून सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"आत काय आहे ते नको सांगूस. हे पुस्तक हातात घेणारा माणूस घाबरतो कशाला, ते सांग."

तसा माणूस मी पाहिलाच नव्हता.

"मग चल, विचारून येऊ."

त्याच रविवारी त्या मला नालासोपाऱ्यातल्या एका सोसायटीच्या सभेला घेऊन गेल्या. सभा गच्चीवर होती. पाण्याच्या टँकरवरून भांडण चाललं होतं. सेक्रेटरी म्हणजे गोदीतून निवृत्त झालेले एक सडपातळ गृहस्थ. सभा संपल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, चुकीचं बटण दाबलं गेलं आणि सगळ्यांचं सगळं उडालं, तर हे लोक मला जिन्यात गाठतील हो. मी रोज त्याच जिन्याने जातो."

जिना उतरता उतरताच कुंदाताईंच्या डोक्यात कव्हर तयार झालं असावं. त्यांनी काढला एका मजल्यावरचा जिना, अर्धं उघडं दार, आत पिवळा उजेड आणि दाराबाहेर काढून ठेवलेल्या वेगवेगळ्या चपला. बस, एवढंच.

सबनीसांना ते चित्र पटेना. "ताई, यात कंप्युटर कुठाय?"

"टेबलावर."

"टेबल कुठाय?"

"त्या सेक्रेटरीच्या घरात आहे की. त्याला घाबरूनच तर तो बिचारा पुस्तक उघडणार. पुस्तकावर परत त्यालाच बसवू?"

सबनीस मोठे सज्जन गृहस्थ, पण वादात त्यांची गाडी दुसऱ्या वाक्याला बंद पडायची.

नमुना छापून आला की त्याची परीक्षा घ्यायची कुंदाताईंची एक रीत होती. अंबाडी रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात, दुकानदाराला न विचारता, त्या पुस्तक काउंटरवर ठेवून द्यायच्या. मग समोरच्या फुटपाथवरून मला ओढत इकडून तिकडे चालायच्या. "चालताना दिसलं पाहिजे. थांबून बघणारा माणूस आता उरलाय कुठे?" पुस्तक दिसलं नाही तर घरी जाऊन पुन्हा सुरुवात करायची, आणि दिसलं तरी पुन्हाच सुरुवात. कारण दिसलं म्हणजे आता ते जुनं झालं.

संध्याकाळी त्या मला फिरायला न्यायच्या. फिरायला कसलं, माझी वरात काढायच्या. कधी वसईतल्या होळी नावाच्या भागातल्या भाजी बाजारात, कधी मिठागरांच्या बांधावरून, कधी नुसतंच एखाद्या अर्धवट इमारतीभोवती. "हा गुलाबी रंग पावसात रडणार," "हा बोर्ड लिहिणारा उपाशी होता," असं काहीबाही बोलत त्या पुढे आणि मी पदर सावरत मागे. "अगं सांगली, पाय उचल!" त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. गावाच्या नावाने हाक मारून घेताना सुरुवातीला घुश्श्यात यायचे मी. पण त्या परक्या गावात मला रोज संध्याकाळी घराबाहेर काढणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि ताई आल्या नाहीत त्या संध्याकाळी माझेच पाय घरात ठरत नसत.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी सबनीसांनी परस्पर काटकसर केली. सॉफ्टवेअर बदललं होतं, पुस्तकही मी बरंचसं नव्याने लिहिलं होतं, पण कव्हर तेच ठेवून कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आवृत्ती दुसरी' एवढं छापलं. कुंदाताई म्हणाल्या, "एकदा पाहिलेलं चित्र माणूस परत पाहत नाही. कोणतं पुस्तक नवं ते कळायचं कसं?" सबनीस म्हणाले, "लिहिलंय ना ताई, कोपऱ्यात."

कोपऱ्यातलं कुणी वाचलं नाही. विरारच्या एका सोसायटीत राणेबाई म्हणून एक विधवा शिक्षिका खजिनदार होत्या. त्यांच्या कपाटात जुनं आणि नवं, दोन्ही पुस्तकं सारखीच दिसत उभी होती. वर्ष बंद करायच्या दिवशी त्यांच्या हाताला जुनं लागलं. त्यात वर्ष बंद करायला दाबा म्हणून सांगितलेला क्रमांक नव्या सॉफ्टवेअरमध्ये भलत्याच कामाचा होता. बाईंनी तो दाबला आणि वर्षभराच्या नोंदी गेल्या.

मी गेले तेव्हा राणेबाई दार उघडायला तयार नव्हत्या. आतूनच म्हणाल्या, "मी काही खाल्लं नाही हो कुणाचं. पण आता खाली पोरं खेळतात ती पण मला बघून गप्प होतात." तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज आला. कुंदाताई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यांचं तिथे कामही नव्हतं. त्यांनी दारावर थाप मारली आणि मोठ्याने, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "राणेबाई, चूक पुस्तकाच्या कव्हरची आहे. मी कव्हर करणारी. भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा."

दार उघडलं. नंतरचे आठ-दहा दिवस आम्ही दुपारी तिथे जात होतो. पावत्या गोळा करायच्या, कुंदाताईंनी घरभर फिरत एकेक मोठ्याने वाचायची, मी कंप्युटरवर घालायची आणि राणेबाईंनी घावन घालायचे. दारं उघडी टाकून हे चालायचं. शेजारचे लोक आधी डोकावायला आणि मग आपापल्या पावत्या शोधून द्यायला लागले. सगळं जुळलं त्या दिवशी राणेबाई पदराने तोंड झाकून रडल्या. कुंदाताईंना रडणारं माणूस सोसत नसे. त्या गॅलरीत गेल्या आणि बाहेर तोंड करून उभ्या राहिल्या.

सबनीसांनी त्यानंतर हात जोडले. प्रत्येक आवृत्तीला नवं चित्र, लांबून ओळखू येईल असं. ठरून गेलं.

तिसऱ्या आवृत्तीचं काम निघालं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि कुंदाताईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एरवीचं ते चैतन्य वेगळं आणि ही तगमग वेगळी. चहा तसाच ठेवून निघून जायच्या. बोलताना वाक्य अर्धवट सोडायच्या. कच्ची चित्रं मात्र ढिगाने आणत होत्या आणि प्रत्येकात विहीर होती. वरून पाहिलेली विहीर, पाण्यात उलट्या पडलेल्या इमारती. एकात पाणी हिरवं, एकात काळं, एकात इमारतीच्या खिडक्याच पाण्यावर तरंगताहेत.

"ताई, हे बघून लोक हिशोब ठेवतील की जीव देतील?" सबनीस म्हणाले. पहिल्यांदाच मला त्यांचं पटलं.

त्या संध्याकाळी कुंदाताई मला उमेळ्याला घरी घेऊन गेल्या. ती विहीर मी तिथे पाहिली, बागेच्या मधोमध. बागेचा एक भाग अजून हिरवागार होता. बाकी पानवेलींचे मांडव वाळले होते. कुंपणापलीकडे दुसऱ्या कुणाच्या बागेत पाया खणायचं मशीन धडधडत होतं. त्यांच्या दोघा भावांनी बाग बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. वडिलांना अर्धांगवायू झालेला, ते ओटीवर खाटेवर पडून असायचे. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. राहिली होती फक्त कुंदाताईंची.

"मी देणार नाही सही," त्या मला सांगत होत्या, पण आवाज आईला ऐकू जाईल एवढा. "आजोबांनी खणलीय ती विहीर. हे सगळं बुजवून तिथे काय, पार्किंग?"

त्यांची आई स्वयंपाकघराच्या दारात केळफूल सोलत बसल्या होत्या. आई आपल्या घरच्या बोलीत बोलल्या. ती बोली मला पुरती कळायची नाही, पण हे कळलं. त्या म्हणाल्या, "कुंदे, तू या बागेत शेवटचं पाणी कधी घातलंस? भाऊ नोकरीला, बाप खाटेवर. पहाटे उठून मीच शिंपते. माझे गुडघे गेले. तू घरात टिकत नाहीस घटकाभर, आणि बाग राहायला पाहिजे म्हणतेस. कुणाच्या जिवावर?"

त्यात राग नव्हता. केळफुलाचं एकेक पान बाजूला ठेवत ठेवत त्या हे बोलल्या. कुंदाताई बघत राहिल्या आईच्या हातांकडे. चिकाने काळे झालेले हात. मग त्या बागेत निघून गेल्या. मी ओटीवर त्यांच्या वडिलांपाशी थांबले. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांची नजर बागेकडे लागलेली होती आणि कुंदाताई जिकडे जिकडे जातील तिकडे तिकडे ती फिरत होती.

अंधार पडायच्या सुमाराला त्या परत आल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. उरलेल्या सगळ्या हिरव्या भागाला त्यांनी पाणी घातलं होतं. त्यांनी आईच्या पुढ्यातलं सोललेलं केळफूल घेतलं आणि चिरायला लागल्या. त्याच आठवड्यात त्यांनी सही केली.

मला वाटलं, आता या काही कव्हर करत नाहीत. पण महिनाभर त्या वसईपासून विरारपर्यंत नव्या इमारती बघत हिंडत राहिल्या आणि एक दिवस येऊन त्यांनी टेबलावर चित्र टाकलं. एका गॅलरीचा कठडा, त्याच्या आत ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात लावलेलं मोगऱ्याचं झाड आणि शेजारी वाळत घातलेला टॉवेल.

"माणसं कोकणातून आलेली असोत, देशावरून आलेली असोत, प्रत्येकाने काहीतरी डब्यात लावलंय गं," त्या म्हणाल्या. "मी उगाच एकटीच रडत होते."

छापखान्याने त्या झाडाचा हिरवा रंग पार पिवळट करून टाकला. "झाडाला कावीळ झालीय!" म्हणत कुंदाताई छापखान्यात गेल्या आणि मशीनपाशी उभ्या राहून पुन्हा छापून घेतलं. त्या कव्हरचं एक नवल मी पाहिलं. तोपर्यंत मॅन्युअल सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात असायचं. हे पुस्तक बायका घरी न्यायला लागल्या. आम्हाला फोन करून शंका विचारणाऱ्यांत आता निम्म्या बायका असायच्या.

मग चौथी आवृत्ती आली आणि तिने घात केला. एव्हाना कव्हरं कंप्युटरवर होऊ लागली होती. सबनीसांनी हौसेने चित्रं काढायचा प्रोग्राम आणला. कुंदाताई तो झपाट्याने शिकल्या. मॉनिटर त्यांनी कपाटावर चढवून घेतला, माउसखाली जाड पुठ्ठ्याची फळी धरली आणि उभ्याने काम सुरू केलं. आठवड्याभरात हात बसला. सबनीस खूश. मी खूश. पण चित्र काही संपेना.

कागदावर रंग वाळायचा. वाळला की विषय संपायचा, नाहीतर तो कागद टाकून दुसरा घ्यायचा. इथे काहीच वाळत नव्हतं. निळ्याचा जांभळा करायचा, जांभळ्याचा परत निळा. दार डावीकडे, दार उजवीकडे, दार नकोच. सगळं जसंच्या तसं परत आणता यायचं आणि म्हणून कशालाच अर्थ राहायचा नाही. मी सकाळी यायचे तेव्हा त्या कपाटासमोर असायच्या, मी निघायचे तेव्हाही तिथेच. संध्याकाळचं फिरणं बंद झालं. चालणं बंद झालं. पाय जागच्या जागी आणि बोट मात्र थांबायला तयार नाही.

"ताई, कालचं छान होतं," मी म्हणायचे.

"कालचं कोणतं?" त्या माझ्याकडे वळून विचारायच्या, आणि ते खरंच त्यांना आठवत नसायचं.

एकदा त्या माउस ठेवून दोन्ही हातांनी कपाट धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सांगली, आयुष्यभर मला वाटायचं, कुणी मला थांबवू नये. आता वाटतं, कुणीतरी थांब गं म्हणावं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामाने ओली होती.

तारखा उलटल्या. गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. शेवटी सबनीसांनी पांढऱ्या कव्हरवर ठळक आकड्यात चार आणि वर नाव, एवढंच छापून पुस्तक बाहेर काढलं. लपवलं नाही, आधी ताईंना सांगितलं, माफी मागितली. कुंदाताईंनी ती प्रत हातात घेऊन उलटसुलट केली. "दिसतंय हो लांबून," त्या म्हणाल्या. "राणेबाईंची चूक होणार नाही." त्यांनी आपले ब्रश, पट्ट्या, रंगांच्या बाटल्या पिशवीत भरल्या. सबनीस म्हणत होते, अहो ताई, पाचवी आवृत्ती आहे ना. पाचवी आवृत्ती निघालीच नाही. पुस्तकाची जागा सीडीने घेतली आणि सूचना पडद्यावरच दिसू लागल्या. मलाही दुसरं काम शोधावं लागलं.

पुढे कळलं की कुंदाताई जव्हारकडे गेल्या आहेत, कुणा ओळखीच्या बाईंच्या निवासी शाळेत. अधूनमधून फोन यायचा, गावातल्या एकुलत्या एका बूथवरून. "आहे बरी. तू ये" एवढंच. वडील गेले, आई मोठ्या भावाकडे नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, हे मला उमेळ्याच्या लोकांकडून कळत होतं. जायचं जायचं म्हणत वर्षं गेली. मला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. एका दिवाळीनंतर मुलीला नवऱ्यावर सोपवून मी एकटीच एसटीत बसले.

शाळा माळावर होती. कौलारू लांबट इमारत, समोर अंगण. कुंदाताई अंगणात होत्या, केस पांढरे झालेले, हात कोपरापर्यंत चुन्याने माखलेले. मला पाहून त्यांना आनंद झाला तो त्यांनी बोलून दाखवला नाही. नुसतं "आलीस?" म्हणाल्या आणि चुन्याची बादली माझ्या हातात दिली.

शाळेची बाहेरची भिंत बरीचशी पांढरी करून झाली होती. कोपऱ्यात, वळचणीखाली, जुन्या चित्राचा तुकडा राहिला होता, एका बैलाचं शिंग आणि कुणाचा तरी हात.

"हे कुणी पुसलं?" मी विचारलं.

"पावसाने. दर वर्षी मुलं चित्र काढतात, दर वर्षी पाऊस धुऊन नेतो. पहिल्या वर्षी मी ताडपत्र्या बांधल्या होत्या गं. मुलं हसली मला. म्हणाली, बाई, भिंत मोकळी झाली नाही तर आम्ही काढायचं कुठे?"

"आणि तुम्ही काय शिकवता त्यांना?"

"मी फक्त भिंत तयार करून देते."

दुपारभर आम्ही काम केलं. माझी परतीची एसटी चारला होती. मुलं अंगणाच्या कडेला घोळका करून बसली होती, कोळसा, गेरू, कसलासा पाला घेऊन, सुरू करा म्हणायची वाट बघत. कुंदाताईंनी गेरूत भिजवलेली लांब दोरी बाहेर काढली. तिचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "त्या टोकाला जा. भिंतीला लावून घट्ट धर. जमीन कुठे संपते तेवढी एक रेघ मी मारून देते, वरचं त्यांचं."

मी भिंतीच्या टोकाशी जाऊन दोरी धरली. त्यांनी त्यांचं टोक ताणलं. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"ताई, एसटी आली माझी."

"जाऊ दे तिला. दुसरी येईल."

"दुसरी उद्या सकाळी आहे!"

"मग सकाळी जा," कुंदाताई म्हणाल्या. "हलू नकोस."

हॉर्न पुन्हा वाजला. मी दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली.